चोवीस कार्डं आणि एक खोटी चक्कर

मला आजवर तीन वेळा चक्कर आली आहे. पहिल्या दोन रंगमंचावर, मराठी मंडळाच्या नाटकांत, आणि दोन्हींना टाळ्या पडल्या. तिसरी अबू धाबीतल्या एका लहानशा म्युझियमच्या फरशीवर, शनिवारी दुपारी. तिला टाळ्या पडल्या नाहीत, पण अभिनय म्हणाल तर तीच सर्वांत सरस होती. खरी चक्कर मला एकदाही आलेली नाही. माझी तब्येत उत्तम आहे.

अबू धाबीच्या मुसफ्फा औद्योगिक भागातल्या एका वर्कशॉपमध्ये मी प्रॉडक्शन मॅनेजर आहे. आम्ही प्रदर्शनं उभी करतो. कधी खजुराची, कधी फ्लॅटांची, कधी दातांच्या डॉक्टरांच्या परिषदेची. भिंती, पॅनेलं, काचपेट्या, त्यांच्याखालचे लाकडी चौथरे, सगळं आमच्याकडे बनतं आणि चार दिवसांनी मोडून परत येतं. माझ्या ऑफिसात दहा वर्षांपासून एक फिलिपिनो डिझायनर आहे. मला ती ‘आते’ म्हणते. त्यांच्याकडे आते म्हणजे थोरली बहीण. आपल्याकडे आते म्हणजे जिला लग्नात मान द्यावा लागतो ती, त्यामुळे मला दोन्ही बाजूंनी ते पद आवडतं.

एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “आते, आमच्या इतिहासकारांवर एक प्रदर्शन करायचं आहे. आमची माणसं सुट्टीच्या दिवशी काम करतील. वर्कशॉप वापरू देशील का?”

तोंडात बाकरवडी होती, तरी मी बोललेच. “तुमच्याकडे इतिहासकार पण असतात? मला वाटलं नर्सेस आणि गायक.”

ती हसली नाही. रागावलीही नाही. म्हणाली, “हेच, आते. यावरच प्रदर्शन आहे.”

मग तिनं मला उभ्या उभ्या जे सांगितलं, ते मी नंतर बाकरवडी बाजूला ठेवून ऐकलं. तीनशेहून जास्त वर्षं स्पेन, मग अमेरिका, मध्येच जपान. शाळेतली पुस्तकं राज्य करणाऱ्यांच्या नजरेतून लिहिलेली. त्यांत देशाचा इतिहास सुरू व्हायचा तो स्पॅनिश जहाज किनाऱ्याला लागलं त्या दिवसापासून. मग काही प्राध्यापक उभे राहिले आणि विचारू लागले, जहाज आलं तेव्हा किनाऱ्यावर कुणीतरी असेलच ना? ते कोण? त्यांनी काय पाहिलं? इतिहास जहाजावरून नको, किनाऱ्यावरून लिहा. कुणी इंग्रजी सोडून स्वतःच्या भाषेत शिकवायला लागलं, कुणाची नोकरी गेली, कुणी तुरुंगात गेलं.

मी मराठी बाई आहे. इतिहासावरून आपण किती तापतो हे मला ठाऊक आहे. आमच्या इथल्या मंडळात एका पगडीच्या आकारावरून दोन कुटुंबं तीन वर्षं बोलत नव्हती. मला एकदम माझ्या बाकरवडीची लाज वाटली. मी म्हटलं, “वर्कशॉप घे, लाकूड घे, सुतार घे आणि मलाही घे.”

मला घेणं ही तिची पहिली चूक.

प्रदर्शनात बहुतेक सगळं छापील होतं. अस्सल म्हणावी अशी वस्तू एकच, चोवीस कार्डं. हाताच्या पंजाएवढी, जाड, सायीच्या रंगाची. निळ्या शाईत बारीक अक्षरांत टिपणं, आणि प्रत्येक कार्डाच्या तळाशी लाल पेन्सिलीनं एकच शब्द, ‘सिनो?’ म्हणजे ‘कोण?’ हे तिच्या वडिलांच्या प्राध्यापकांचं अक्षर. तरुणपणी वडील त्यांच्याकडे लेखनिक होते. देशात लष्करी कायदा लागला आणि प्राध्यापकांच्या घरी शिपाई आले, तेव्हा हजारो कार्डांतली हाताला लागली तेवढी वडिलांनी शर्टात घातली आणि घरी तांदळाच्या डब्यात पुरली. बाकीची गेली. प्राध्यापक सुटून आले तेव्हा म्हणाले, तुझ्याकडेच राहू दे, माझ्या घरी ते पुन्हा येतील. काही वर्षांनी प्राध्यापक वारले. वडील पुढे गावी शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झाले. डबा तसाच राहिला. गेल्या सुट्टीत तिनं तो हातातल्या पिशवीतून इथं आणला, आणि आता वडील स्वतः व्हिजिटवर यायचे होते. ऐंशी वर्षांचे. पहिलंच विमान. ती कार्डं काचेत ठेवलेली बघायला.

आता त्या कार्डांना काही झालं तर काय, हे मी वेगळं सांगत नाही.

मांडणीच्या सरावासाठी तिनं कार्डांच्या नकला केल्या होत्या. जाड कागदावर रंगीत प्रिंट, कडा चहाच्या पाण्यात बुडवून हेअर ड्रायरनं सुकवलेल्या. नंतर त्या भेटीला येणाऱ्या मुलांना हाताळायला द्यायच्या. शुक्रवारी दुपारी आम्ही म्युझियमच्या हॉलमध्ये असताना तिला वडिलांना आणायला विमानतळावर निघायची घाई झाली. दारातून ती म्हणाली, “आते, टेबलावर दोन गठ्ठे आहेत. खरा गठ्ठा ड्रॉवरमध्ये कुलपात ठेव, प्लीज. किल्ली तुझ्याकडे.”

मी दोन्ही गठ्ठे बघितले. एक पिवळट, डाग पडलेला, कडा झिजलेला, शतकभराचं दुःख सोसल्यासारखा. दुसरा स्वच्छ. मी नाटकवाली. रंगमंचावरचा म्हातारा खऱ्या म्हाताऱ्यापेक्षा नेहमीच जास्त म्हातारा दिसतो, हे तीस वर्षं मेकअप थापणाऱ्या बाईला कळायला हवं होतं. पण मी दुःखी गठ्ठा अलगद उचलला, ड्रॉवरमध्ये ठेवला, कुलूप लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि घरी गेले.

तांदळात पन्नास वर्षं राहिलेल्या वस्तू कोरड्या राहतात. नव्यासारख्या दिसतात.

संध्याकाळी सुपरमार्केटात पडवळ निवडत असताना सुताराचा फोन आला. हा मालवणकडचा. त्याच्या हाताखालून गेलेलं लाकूड कधी कुरकुरत नाही. हॉलमध्ये तो एकटाच चौथरे बसवत होता.

“म्याडम, हयची जमीन वाकडी हा. सगळे चौथरे हलतत. पॅकिंग लागतला.”

पॅकिंग म्हणजे डुगडुगणाऱ्या पायाखाली सरकवायची चकती, फळकूट, पुठ्ठा, जे मिळेल ते.

“गाडीत नाही काही?”

“गाडी गेली ना. हय टेबलार कार्डांचो एक गठ्ठो हा, बरो कडक हा. घेव?”

“घे की. डमी आहेत. खरी मी कुलपात ठेवलीत.”

शेजारी उभी असलेली माझी लेक म्हणाली, “मम्मा, यू आर शाउटिंग.” मी पडवळ कार्टमध्ये टाकलं. छान भाजी झाली होती, ते अजून आठवतं.

शनिवारी दुपारी दोनला मी हॉलमध्ये शिरले तेव्हा सगळं देखणं उभं होतं. काळे चौथरे, त्यांवर पॅनेलं, मध्ये मोठी काचपेटी, रिकामी. चार वाजता म्युझियमची रजिस्ट्रार येणार होती, एक तरुण एमिराती बाई, आवाज मऊ आणि नियम कडक. ती यादीप्रमाणे एकेक वस्तू मोजणार, आपल्या हातमोज्यांनी आत ठेवणार, पेटीला कुलूप लावणार. साडेचारला वडील. पाचला पाहुणे.

डिझायनर एका कोपऱ्यात बसून लेबलं कापत होती. मी ड्रॉवर उघडला, गठ्ठा बाहेर काढला आणि सहज वरची दोन कार्डं शेजारी शेजारी धरली. दोन्हींवर उजव्या कोपऱ्यात चहाचा सारखाच डाग. सारखाच म्हणजे तोच. मी कार्ड उलटं केलं. पाठ पांढरीफटक. प्रिंटरच्या कागदाची पांढरी.



टेबलाकडे पाहिलं. टेबल रिकामं. मग मी, काहीतरी पडलं असावं अशा बेतानं, गुडघ्यांवर बसले आणि सर्वांत जवळच्या चौथऱ्याखाली डोकावले. काळ्या लाकडाच्या खाली, फरशीच्या वर, सायीच्या रंगाची एक बारीक रेघ होती. तिच्या कडेला निळी शाई.

“काय शोधतेस, आते?”

“कानातलं.”

“दोन्ही कानांत आहेत.”

“मग सापडलं,” मी म्हटलं आणि उठून बाहेर गेले. धावले नाही. रंगमंचावरून धावत बाहेर जाणाऱ्याकडे सगळे बघतात.

सुतार मागच्या दाराशी, सावलीत बसून डबा खात होता. मी त्याला सांगितलं. त्याचा घास हातातच राहिला.

“तुमीच सांगलात डमी म्हणान.”

“मीच सांगितलं. किती वापरलीस?”

“सगळी. सात चौथरे आणि मधली पेटी.”

“दुमडून?”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याच्या आईबद्दल काही बोलले असावे. “दुमडून कित्या? दुमडलेला पॅकिंग चार दिवसांत दबता. मी एकावर एक ठेवतंय. सपाट.”

त्याच्या कामाच्या त्या अभिमानानं मला किंचित श्वास आला. “काढायला किती वेळ?”

“ड्रायव्हर उचलूक असलो तर वीस मिनिटां. पण म्याडम, ती ताई हय नको. तेच्यासमोर मी ह्या करूचंय नाय.”

तो ‘ताई’ म्हणायचा आणि ती त्याला ‘कुया’ म्हणायची, त्यांच्या भाषेत दादा. दहा वर्षं दोघं एकमेकांना बहीणभाऊ म्हणत होती आणि बहुधा त्यांना ते माहीतही नव्हतं.

तेव्हा तिला सरळ सांगायचं की आधी निस्तरायचं, एवढाच प्रश्न होता. सरळ सांगणं हे योग्य उत्तर आहे हे मला तेव्हाही माहीत होतं. पण वीस मिनिटांत सगळं होतं तसं होणार असेल, तर एका लेकीचा जीव कशाला पोळायचा? हे मी तिच्यासाठी केलं असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होते. नाही. मी घाबरले होते.

मी आत आले. हॉलच्या मधोमध गेले. एक हात कपाळावर नेला, दुसऱ्यानं हवा चाचपली आणि उजव्या गुडघ्यातून आधी, मग कमरेतून, खांदा वाचवत, खाली आले. डोकं सर्वांत शेवटी टेकवायचं असतं.

“आते.” तिच्या हातातली कात्री पडली.

“काही नाही,” मी पुटपुटले. “उन्हाचं. जरा बाहेर, थंडाव्यात ने.”

तिनं मला उचलून, अक्षरशः उचलून, बायकांच्या विश्रांतीच्या खोलीत नेलं. सोफ्यावर निजवलं. रुमाल ओला करून कपाळावर ठेवला, पर्समधून हिरव्या मलमाची डबी काढली आणि माझ्या कानशिलांवर चोळायला लागली. डोळ्यांत पाणी यायला आता अभिनयाची गरज उरली नाही.

घड्याळ माझ्या बरोबर समोर होतं. अडीच.

“तू जा हवं तर, कामं आहेत,” असं म्हणायची हिंमत मी केली नाही. ती खरंच गेली असती.

ती बोलत राहिली, आजारी माणसाशी बोलावं तशी, सावकाश. वडील काल रात्रभर झोपले नाहीत म्हणाली. सकाळी पाचला उठून शर्टाला इस्त्री करत होते. “मी विचारलं, तातय, भाषण करायचं आहे का? म्हणाले, नाही, मला फक्त मोजायची आहेत.”

“काय मोजायचं आहे?”

“कार्डं. नेहमी मोजायचे, आते. दर रविवारी चर्चहून आल्यावर डबा उघडायचे, तांदूळ बाजूला करायचे आणि चोवीस मोजायचे. आम्हा भावंडांना हात लावायला मिळायचा नाही. वादळात छप्पर उडालं तेव्हा आईनं आम्हाला उचललं आणि त्यांनी डबा उचलला. आई मरेपर्यंत त्यावरून टोमणे मारायची.”

ती हसली. मी डोळे मिटून घेतले. भिंतीपलीकडून काहीतरी जड सरकल्याचा आवाज आला.

“काय चाललंय तिकडे?”

“ड्रायव्हर पाण्याचे बॉक्स लावतोय,” मी लगेच म्हटलं. जरा जास्तच लगेच, मूर्च्छा आलेल्या बाईच्या मानानं.

ती उठली. मी कण्हले. ती बसली. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा उठली तेव्हा मी तिचा हात धरला आणि माझ्या सासूच्या हृदयविकाराची गोष्ट सांगायला घेतली, जी मोठी आहे आणि सुदैवानं सुखान्त आहे. सासू अजून दुबईच्या ऊद मेथातल्या हॉलमध्ये झालेल्या कार्यक्रमांना नावं ठेवते. मी गोष्ट ताणली. अतिदक्षता विभागात पोचेपर्यंत तीन वाजून दहा मिनिटं झाली.

फोन वाजला. सुतार. मी कानाला लावला आणि अगदी क्षीण आवाजात म्हटलं, “बोल.”

“म्याडम, सगळी काढली. धुळयेचो एक कण नाय. पंच्यार मांडून ठेवलंय.”

“मोजलीस?”

“तेवीस.”

“चोवीस हवीत.”

पलीकडे त्यानं पुन्हा मोजल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, “कोपऱ्यातल्या चौथऱ्याक फट बारकी होती. अर्ध्या रुंदीची. एक कापलंय म्याडम. कटरान. मधोमध.”

 कपाळावरचा रुमाल घसरून गळ्यावर आला.

सुताराचा आवाज फोनबाहेरही ऐकू येत होता; तिचा हात माझ्या कानशिलावर थांबला होता. आणि मग तिनं मला विचारलं, स्वच्छ मराठीत, दहा वर्षांत माझ्याशी एकदाही न बोललेल्या मराठीत:

“काय कापलं, आते?”

दहा वर्षं ती त्या वर्कशॉपमध्ये बसते. दिवसातून शंभर वेळा तिच्या कानांवर पडतं, हे काप, ते मोज, किती हवेत. आणि आम्ही तिच्यासमोर तिच्याचबद्दल, तिच्या डब्यातल्या सुक्या माशांबद्दल, काय काय बोललो असू. ते सगळं एका क्षणात माझ्या डोळ्यांपुढून गेलं, पण तेव्हा त्याला वेळ नव्हता.

मी उठून बसले. म्हटलं, “मला चक्कर आली नव्हती.”

आणि मग सगळं सांगितलं. दोन गठ्ठे, चहा, कुलूप, पडवळ, पॅकिंग.  मलमाच्या डबीचं झाकण तिनं लावलं, घट्ट, आणि निघाली. ती धावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती चालत गेली. मी मागून.

हॉलच्या दारात आम्ही दोघी थांबलो.

वडील आले होते. शेजाऱ्यानं लवकर आणून सोडलं होतं. लहानखुरा माणूस, नक्षी काढलेला पांढरा शर्ट, केस ओले करून बसवलेले. ते मधल्या टेबलाशी उभे होते. टेबलावर सुताराचा धुतलेला पंचा पसरलेला, त्यावर चार ओळींत कार्डं. पलीकडे रजिस्ट्रार, हातात फाइल. तीही लवकर आली होती. त्या दिवशी सगळेच वेळेआधी येत होते. सुतार भिंतीला पाठ लावून उभा, टोपी हातात.

वडील मोजत होते. बोट कार्डाला न लावता, वरून. ओठ हलत होते. तेविसाव्यावर बोट थांबलं. मग शेवटी ठेवलेल्या दोन अर्ध्यांकडे गेलं. त्यांनी दोन्ही तुकडे उचलले, जुळवून धरले. काप इतका सरळ होता की रेघ दिसेना. मग हात किंचित हलला आणि रेघ दिसली.

“तातय, आपण घरी नेऊ,” ती त्यांच्या भाषेत असंच काहीतरी म्हणाली असावी, कारण ती पेटी शोधायला लागली. “काही ठेवायचं नाही इथं. घरी नेऊ.”

रजिस्ट्रार म्हणाली, “हे यादीत नाही. यादीत चोवीस अखंड कार्डं आहेत. मला माफ करा. फाटलेली वस्तू रिपोर्टशिवाय मी आत ठेवू शकत नाही. काय झालं, कसं, कुणाच्या हातून, ते लिहून सही लागेल. नाहीतर पेटी रिकामी राहील.” मग हळूच, “पाचला लोक येणार आहेत.”

साडेतीन वाजले होते.

वडील अजून त्या तुकड्यांकडे बघत होते. लाल पेन्सिलीचा शब्द खालच्या अर्ध्यावर होता. त्यांनी तो वाचला, मान वर केली आणि आम्हा सर्वांना विचारलं:

“सिनो?”

सुतारानं त्यांच्या लेकीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि दोन पावलं पुढे आला. “मी,” तो हिंदीत म्हणाला. “मैंने काटा. मेरे को मालूम नहीं था.”

नाटकात अशा जागी शांतता किती ताणायची ते मला कळतं. तेव्हा कळलं नाही. मी म्हटलं, “त्याला मी सांगितलं. तो विचारत होता, मी घे म्हणाले. खरी कुठली ते मला ओळखता आलं नाही. आणि नंतर तुमच्या मुलीला मी खोटं सांगून बाहेर नेलं.” सगळं इंग्रजीत, एका दमात, एकही हातवारा न करता. आयुष्यात पहिल्यांदाच माझे हात कुठे ठेवावेत ते मला समजत नव्हतं.

वडिलांनी खुर्ची मागितली. बसले. सुताराला जवळ बोलावलं आणि इंग्रजीत विचारलं, त्यांच्या लेकीनं वर्कशॉपच्या हिंदीत केलं: “कशानं कापलंस?”

“कटरनं. नवं पातं.”

“दाखव.”

सुतारानं खिशातून कटर काढून दिला. म्हाताऱ्यानं पातं अंगठ्यावर पारखलं, मान डोलावली. मग तुकडे गुडघ्यावर ठेवून वाचून दाखवायला लागले. लेक त्याचं हिंदी करत होती. त्या कार्डावर जहाजांचं टिपण होतं. स्पॅनिश जहाजं बांधायला डोंगरांतून लाकूड आणायला गावंच्या गावं नेली, पुस्तकात जहाजाचं नाव आहे, कप्तानाचं आहे, ज्यानं हुकूम दिला त्या साहेबाचं आहे. झाडं तोडणाऱ्यांचं, फळ्या कापणाऱ्यांचं कुठेच नाही. खाली लाल पेन्सिल.

सुतार ऐकत होता. म्हणाला, “कुठलं लाकूड?”

लेकीनं विचारलं. म्हाताऱ्यानं नाव सांगितलं, मोलावे. पाण्यात कुजत नाही म्हणाले.

“सागासारखा?”

“सागाच्या भावकीतला.”

“मग तो कापूक कठीण,” सुतार मला म्हणाला, जणू मीच विचारलं होतं. “आमच्याकडे आजो होडी बांधायचो. सागाक पाता टिकत नाय.”

लेकीनं तेही सांगितलं. म्हाताऱ्यानं त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग रजिस्ट्रारकडे हात पुढे केला. “फॉर्म द्या.”

“तातय,” लेक म्हणाली.

“पन्नास वर्षं मी हे डब्यात ठेवलं. डब्यात कुणी वाचलं?” ते म्हणाले आणि चष्मा लावला.

त्यांनी स्वतः लिहिलं. शिक्षकी अक्षर, एकेक ओळ सरळ. कार्ड क्रमांक अमुक, मांडणीच्या वेळी दोन तुकडे झाले. चौथरा सरळ उभा राहावा म्हणून कापलं. कापणाऱ्याचं नाव? सुतारानं सांगितलं. “पूर्ण,” म्हातारे म्हणाले. वडिलांचं नाव, आडनाव. “गाव?” गावही सांगितलं. रजिस्ट्रारनं ते इंग्रजी अक्षरांत दोनदा तपासून घेतलं.

“आणि आज्ञा कुणाची?” रजिस्ट्रार म्हणाली.

मी पुढे झाले आणि माझं पूर्ण नाव सांगितलं. माझं नाव भारदस्त आहे, उच्चारायला छान.

म्हाताऱ्यानं पेन थांबवलं. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं, ते मी दुसऱ्या कुठल्याही म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर लगेच ओळखलं असतं, कारण तो माझाच स्वभाव आहे. शुद्ध खोडसाळपणा.

“मॅनेजर,” ते म्हणाले, लिहिता लिहिता. “एवढं पुरे. साहेबांची नावं आजवर खूप झाली.”

लेकीनं श्वास सोडला. हसली असं मी म्हणणार नाही, पण खांदे उतरले.

“खलास,” रजिस्ट्रार म्हणाली, अरबीत ‘झालं’ या अर्थी, सही केली, हातमोजे चढवले. मग जरा थांबून म्हणाली, “हा रिपोर्टच लेबल म्हणून लावायला हरकत नाही. तुमची हरकत नसेल तर.”

“तोच लावा,” म्हातारे म्हणाले.

बावीस मिनिटांत सुतारानं आणि ड्रायव्हरनं चौथरे पुन्हा बसवले. पॅकिंगला चहाचे डाग असलेली चोवीस कार्डं गेली. मुलांना हाताळायला मागाहून पुन्हा छापली. काचेत तेवीस कार्डं, एक कापलेलं, मध्ये केसाएवढी फट ठेवून. फट म्हाताऱ्यांनीच सांगितली. मिटवायची नाही म्हणाले.

पाचला लोक आले. घरकाम करणाऱ्या बायका, नर्सेस, हॉटेलातली मुलं, दुकानांतली, सगळी आवरून. त्या लेबलाशी गर्दी थांबायची, वाचायची, मग माना वळायच्या आणि सुताराला शोधायच्या. दोन तरुणांनी त्याच्याबरोबर फोटो काढले. तो लाजून लाजून तांबडा झाला, पण टोपी घातली नाही.

मी मागे, पॅनेलाच्या सावलीत उभी होते. माझ्याशी ती अजून बोललेली नव्हती.

माझी लेक सहा वाजता आली. काचेपाशी गेली, वाकून लेबल मोठ्यानं वाचायला लागली, कटरपासून गावापर्यंत, आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

“‘ऑन द मॅनेजर्स ऑर्डर.’ मम्मा, इज दॅट यू?”

मी हॉलभर नजर फिरवली. म्हटलं, “छे गं. असेल कुणीतरी.”

माझ्या खांद्यामागून डिझायनर म्हणाली, मराठीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात:

“हीच ती.”